शिकवणारीला कोण शिकवणार?



मूल दवाखान्यात भरती करताना बरोबर काय काय न्यायचं, यावर आपण मागे बोललो होतो. आधार कार्ड, रेशन कार्ड, लसीकरणाचं कार्ड, एक जास्तीची चादर. त्यानंतर गटांच्या बैठकांत सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न मात्र कागदपत्रांचा नव्हता. "सलाईनची सुई लावताना पोरगं जिवाच्या आकांतानं ओरडतं, चार जण त्याला धरून ठेवतात आणि मला बाहेर काढतात. तेव्हा आईनं करायचं काय?" हा तो प्रश्न. एका गटातल्या आजींनी तर सरळच विचारलं, "मोठमोठ्या देशांत तरी यावर काही औषध काढलंय का गं?"

औषध नाही काढलं आजी, पण माणूस नेमलंय. अमेरिका आणि कॅनडातल्या मुलांच्या मोठ्या दवाखान्यांत डॉक्टर आणि नर्स यांच्या जोडीला आणखी एक जण असते. तिला चाइल्ड लाइफ स्पेशालिस्ट म्हणतात. (आपल्याकडची १०९८ नंबरची चाइल्डलाइन वेगळी. ती अडचणीतल्या मुलांसाठीची फोनसेवा आहे. नाव सारखं वाटलं म्हणून गल्लत नको.) ही ताई सुई टोचत नाही, गोळी देत नाही, ताप मोजत नाही. आजारी मुलाच्या मनात काय चाललंय ते ओळखायचं, पुढे काय होणार ते त्याला कळेल अशा भाषेत सांगायचं, त्याला खेळू द्यायचं आणि आईला त्याच्याजवळ ठेवायचं, हे तिचं काम. या कामात पुरुषही आहेत, पण मोजकेच. म्हणून आम्ही ताईच म्हणतो.

समजा पाच वर्षांच्या मुलाला सलाईन लावायचंय. ही ताई एक कापडी बाहुली घेऊन त्याच्याजवळ बसते. बाहुलीच्या दंडाला रबरी पट्टा बांधते, हात कापसानं पुसते आणि एक मऊ, बारीक प्लास्टिकची नळी मुलाच्या बोटांत देते. सलाईन लावून झालं की हातात सुई राहत नाही, सुई बाहेर काढतात आणि ही नळी तेवढी आत राहते. आपल्यातल्या किती जणींना हे ठाऊक आहे? मुलाला तर वाटत असतं की सुई आत रुतून बसलीय आणि हात हलवला की फाडणार. नळी बोटांनी वाकवून बघितली की त्याची निम्मी भीती उतरते. मग ताई विचारते, "सुई लावताना तू तिकडे बघणार की आईकडे?" आणि त्याला एक काम नेमून देते. "हात दगडासारखा ठेवायचा, हे तुझं काम. ओरडावंसं वाटलं तर खुशाल ओरड."

बघताना सोपं वाटतं. पण तीन वर्षांच्या मुलाला हेच सगळं दोन तास आधी सांगितलं, तर ते दोन तास घाबरून बसेल. दहा वर्षांच्या मुलीला ऐन वेळी सांगितलं, तर तिला फसवल्यासारखं वाटेल. कुणाला किती सांगायचं, कधी सांगायचं आणि कधी गप्प बसायचं, हे पुस्तकातून येत नाही. ते शिकायला दवाखान्यातच जावं लागतं आणि दवाखान्यात शिकायचं म्हणजे खऱ्याखुऱ्या आजारी मुलाजवळ बसून शिकायचं. कच्चा हात त्या मुलावरच चालणार. म्हणून शिकाऊ मुलीच्या पाठीशी कोण उभं राहतं आणि ते उभं राहायला तिला कुणी शिकवलंय, याला फार महत्त्व येतं. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी थोडं मागचं. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी विलायतेत आणि अमेरिकेत मूल भरती केलं की आईबापांना घरी पाठवत. भेटीच्या वेळा अगदी थोड्या. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन नावाच्या माणसानं लंडनमध्ये एक फिल्म केली. दोन वर्षांची मुलगी ऑपरेशनसाठी आठ दिवस दवाखान्यात एकटी राहते, एवढीच गोष्ट. ती फार रडत नाही, पण दिवसागणिक कशी मिटत जाते ते त्यात दिसतं. डॉक्टर मंडळी आधी चिडली, मग हळूहळू विचार करू लागली. पुढे १९५५ साली अमेरिकेत क्लीव्हलंडच्या सिटी हॉस्पिटलमध्ये डॉक्टर फ्रेडरिक रॉबिन्स यांनी एमा प्लँक नावाच्या शिक्षिकेला बोलावलं. रॉबिन्स यांना पोलिओच्या विषाणूवरच्या कामासाठी आदल्याच वर्षी नोबेल मिळालं होतं. एवढा मोठा डॉक्टर एका बालशिक्षिकेला म्हणतो की औषधाचं आम्ही बघतो, मुलांच्या मनाचं तुम्ही बघा, हे आम्हाला फार आवडलं. प्लँकबाई मूळच्या व्हिएन्नाच्या, माँटेसरी पद्धतीत तयार झालेल्या. त्याच माँटेसरीबाईंचा विचार आपल्याकडे ताराबाई मोडकांनी उचलला आणि १९४५ पासून बोर्डीला, मग कोसबाडला, अनुताई वाघांच्या साथीनं आदिवासी मुलांच्या अंगणात नेऊन रुजवला. अंगणवाडी हा आपला शब्द त्याच कामातला. म्हणजे ही क्लीव्हलंडची ताई आणि आपल्या गावची अंगणवाडी सेविका दूरच्या नात्यातल्याच म्हणायच्या.

आज अमेरिकेत या कामाची रीतसर संघटना आहे, १९८२ सालची. परीक्षा आहे, प्रमाणपत्र आहे. पदवीच्या जोडीला मुलीला दवाखान्यात किमान ६०० तासांची इंटर्नशिप करावी लागते. रोज आठ तास, आठवड्याचे पाच दिवस धरले तर पंधरा आठवडे. आणि तिच्यावर देखरेख करणारी जी सुपरवायझर असते, ती स्वतः प्रमाणपत्र मिळवलेली आणि किमान ४,००० तास पगारी काम केलेली असावी लागते. म्हणजे साधारण दोन वर्षं.

आता खरा मुद्दा. ४,००० तास मुलांजवळ बसलेली बाई मुलांच्या कामात पक्की झालेली असते. पण ते काम दुसरीला शिकवण्यात ती पक्की असते का?

आपल्या घरातलंच बघा. उत्तम भाकरी थापणाऱ्या बाईला नव्या सुनेनं विचारलं की पिठात पाणी किती घालायचं, तर ती म्हणते, "अंदाजानं." तवा किती तापू द्यायचा? "हाताला कळतं." तिच्या हाताला कळतं, सुनेच्या हाताला अजून काहीच कळत नाही. ती सांगायची टाळाटाळ करते असं नाही. इतक्या वर्षांत ते सगळं हातात उतरलंय आणि जिभेवर राहिलेलं नाही. अनुभवी चाइल्ड लाइफ ताईचं तसंच होतं. ती खोलीत शिरते, क्षणभर थांबते आणि आईशी न बोलता आधी मुलाच्या खेळण्याबद्दल बोलायला लागते. शिकाऊ मुलगी मागे उभी राहून बघते. काय बघायचं हेच तिला कळत नाही. ताई का थांबली? थांबली तेव्हा तिनं काय टिपलं?

म्हणून सुपरवायझरच्या प्रशिक्षणात पहिली सवय लावायची ती मनातलं बोलून दाखवायची. खोलीबाहेर आल्यावर ताईनं सांगायचं, "आईचे डोळे सुजलेले होते. तिला काही विचारलं असतं तर ती मुलासमोर रडली असती. म्हणून मी आधी मुलाच्या गाडीबद्दल बोलले." एवढ्या तीन वाक्यांत शिकाऊ मुलीला एका दिवसाचं शिक्षण मिळतं. अनुभवी बाईला मात्र हे जड जातं. इतकी वर्षं न बोलता केलेल्या गोष्टीला शब्द शोधत बसावे लागतात.

दुसरी गोष्ट, काम पायरीपायरीनं हातात द्यायचं. आधी नुसतं बघायचं. मग ताईबरोबर करायचं, म्हणजे बाहुली शिकाऊ मुलीच्या हातात, बोलणं ताईचं. मग शिकाऊ मुलीनं करायचं आणि ताईनं कोपऱ्यात बसायचं. सगळ्यात शेवटी तिनं एकटीनं जायचं आणि येऊन सांगायचं. पहिलं मूल कुठलं द्यायचं हेही ताईनं विचार करून ठरवायचं. चार दिवस वॉर्डात रुळलेलं, खेळाच्या खोलीत यायला लागलेलं मूल द्यायचं. रात्री अपघात होऊन आलेलं मूल पहिल्या आठवड्यात नाही. आणि ही ताई अजून शिकतेय, हे आईबापांना आधी सांगायचं. लपवून ठेवायचं नाही.

यात सगळ्यात अवघड पायरी तिसरी, कोपऱ्यात बसायची. करणारीला गप्प बसवत नाही. आपल्याकडे गटाचं लेखा पुस्तक नव्या सीआरपी ताईला शिकवताना जुनी ताई काय करते? नवीन ताईचा आकडा जरा अडला, की "आण इकडे" म्हणून पेन हातातून घेते आणि दोन मिनिटांत ताळा जुळवून देते. पुस्तक पूर्ण होतं, पण नवीन ताई पुढच्या महिन्यात तिथेच अडते. हे आम्ही किती गावांत पाहिलंय याची गणतीच नाही. दवाखान्यात मात्र पेन घेऊ नको एवढं सांगून भागत नाही, कारण समोर वही नाही, मूल आहे.

एक उदाहरण घेऊ. शिकाऊ ताई पाच वर्षांच्या मुलाजवळ बसलीय. सिस्टर सुई घेऊन आल्या. मुलाचा चेहरा पडला. शिकाऊ ताई घाबरली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "काही नाही रे, अजिबात दुखणार नाही."

आपल्यापैकी प्रत्येकीनं हे वाक्य कधी ना कधी म्हटलेलं असतं. पण या कामात ते मोठी चूक मानतात. कारण दुखतंच. आणि दुखलं की मुलाला एकच कळतं की ही बाई खोटं बोलते. पुढच्या वेळी त्याच ताईनं "आज फक्त एक्स-रे, टोचणार नाहीत" असं खरं सांगितलं तरी ते विश्वास ठेवणार नाही.

आता कोपऱ्यात बसलेल्या सुपरवायझरनं काय करावं? लगेच "असं नाही सांगायचं" म्हणाली तर शिकाऊ ताईची मुलासमोर आणि आईसमोर लाज जाते. मुलालाही कळतं की या दोघींचं आपापसांतच पटत नाही. त्यात त्याची भीती वाढते. बरं, गप्प बसावं तर मुलाची फसवणूक होऊ दिली असं होतं. प्रशिक्षणात अशा प्रसंगांचीच तालीम करून घ्यायची असते. एकीनं मूल व्हायचं, एकीनं शिकाऊ ताई, एकीनं सुपरवायझर. चांगली सुपरवायझर इथे खुर्ची थोडी पुढे ओढते आणि शिकाऊ ताईचं वाक्य न खोडता त्यात आपलं वाक्य घालते. "कुणाकुणाला चिमटा घेतल्यासारखं वाटतं, कुणाला नुसतं गार लागतं. तुला कसं वाटलं ते नंतर या ताईला सांगशील?" मुलाला खरं कळलं. शिकाऊ ताईची जागाही गेली नाही, उलट मुलानं नंतर तिलाच सांगायचंय. सूत्रं पुन्हा तिच्याकडे.

चुकीबद्दलचं बोलणं त्यानंतर, खोलीबाहेर, दार लावून आणि त्याच दिवशी. पंधरा दिवसांनी "तेव्हा तू असं म्हणालीस" याचा उपयोग नाही. आणि सुरुवात "तू चुकलीस"नं करायची नाही. "सुई आत गेली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय दिसलं तुला?" असं विचारायचं. बहुतेक वेळा शिकाऊ मुलगी स्वतःच म्हणते, "तो माझ्याकडे बघत होता. मी दुखणार नाही म्हणाले होते ना!" मग दोघींनी मिळून दुसरं वाक्य शोधायचं आणि उद्याच्या मुलाला ते म्हणून बघायचं. पण प्रश्न विचारूनही तिला दिसलं नाही, तर सुपरवायझरनं स्पष्ट सांगायचं. गोल गोल बोलणं हीसुद्धा एक फसवणूकच. आमच्या मते पुष्कळ चांगल्या बायका इथेच कमी पडतात. त्या मुलांशी खरं बोलतात आणि शिकाऊ मुलीशी मात्र गोड बोलतात.

"छान केलंस" हेही तसंच बिनकामाचं. काय छान केलं? "तू पलंगाशेजारी खाली बसलीस, तुझे डोळे त्याच्या डोळ्यांच्या रेषेत आले, तेव्हा त्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं," असं म्हटलं तर उद्याही ती खाली बसेल.

आता याहून जड भाग. दवाखान्यात काही मुलं बरी होत नाहीत. अशा वेळी ही ताई मुलाच्या हाताचा ठसा रंगात घेऊन आईबापांना देते आणि भावंडांना काय झालंय ते समजावते. शिकाऊ मुलगी बावीस-तेवीस वर्षांची असते. कदाचित तिच्या घरात अजून कुणी गेलेलंही नसतं. त्या संध्याकाळी सुपरवायझर तिच्याशी कोण म्हणून बोलणार? समुपदेशन शिकवणाऱ्यांसाठी जनीन बर्नार्ड या अमेरिकी बाईंनी १९७९ साली एक मांडणी केली, ती आम्हाला इथे फार कामाची वाटते. त्या म्हणतात, देखरेख करणारीच्या तीन भूमिका असतात. कधी ती शिक्षिका असते, कधी समुपदेशक आणि कधी बरोबरीनं सल्ला देणारी. समोरचीला या घडीला कोण हवंय ते ओळखून त्या जागी जायचं. मूल गेलं त्या संध्याकाळी "ठसा घेताना रंग जास्त झाला होता" हे शिक्षिकेचं बोलणं काय कामाचं? तेव्हा नुसतं जवळ बसायचं. रंगाचं परवा बोलता येईल. पण समुपदेशकाच्या जागीही मर्यादा आहे. मुलीच्या मनावर फारच ओझं आलेलं दिसलं, तर तिला दुसऱ्या जाणत्या माणसाकडे पाठवायचं. कारण सुपरवायझरच्या हातात तिचा निकालही असतो. मधल्या टप्प्यावर आणि शेवटी तीच मूल्यमापन लिहिते. जिच्या हातात आपले मार्क आहेत तिच्यापुढे कुणी मन मोकळं करतं का? मुली चुका लपवतात आणि लपवलेली चूक पुढच्या मुलाच्या वाट्याला येते. त्यामुळे कशाला मार्क आहेत आणि कशाला नाहीत, हे पहिल्याच दिवशी कागदावर दाखवायचं. चूक येऊन सांगितली तर मार्क जाणार नाहीत, हे तोंडानं सांगायचं आणि तसं वागूनही दाखवायचं.

हे सगळं सुपरवायझर आपलं रोजचं काम सांभाळून करते. तिचे वॉर्डातले पेशंट काही कमी होत नाहीत. बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एकदा तिनं शिकाऊ मुलीबरोबर निवांत बसायचं असतं. घाईच्या आठवड्यात सगळ्यात आधी ती बैठकच उडते, हे आपल्याला काही नवीन नाही. म्हणूनच तिथे शिकायला येऊ पाहणाऱ्या मुली जास्त आणि जागा कमी अशी स्थिती आहे. त्यात ही ६०० तासांची इंटर्नशिप बहुतेक ठिकाणी बिनपगारी असते. ज्या मुलीला घरभाडं भरायचंय, तिनं पंधरा आठवडे काय खायचं? हे आम्हाला मुळीच पटत नाही. ज्या कामाला सगळ्या थरांतल्या मुलांची भाषा कळणाऱ्या बायका हव्यात, तिथे परवडणाऱ्या घरांतल्याच मुली पोचतात. इकडे प्रशिक्षणाला बोलावून बसभाडं न देणारे भेटतात, तेव्हा तिकडचं ऐकून नवल वाटलं नाही एवढंच.

आपल्या ग्रामीण रुग्णालयांत ही ताई नाही. तेव्हा त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर आत्ता तरी आईलाच वापरायचंय. मुलाला खरं सांगा, पण लहान मुलाला थोडंच आधी सांगा. सिस्टरना विचारा, "मी याला मांडीवर घेऊन छातीशी धरू का?" आडवं पाडून चार जणांनी दाबण्यापेक्षा आईच्या छातीशी टेकून बसलेलं मूल पुष्कळदा कमी झगडतं आणि हातही जागेवर राहतो. सिस्टर नाही म्हणाल्या तर वाद घालू नका, उशाशी उभं राहून त्याच्याशी बोलत राहा. "टोचून घेतोस का?" असं विचारू नका, कारण तो नाही म्हणाला तरी टोचणारच आहेत. "उजवा हात की डावा?" हे मात्र सिस्टरना चालत असेल तर विचारा. आणि घरी "जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील" ही धमकी आजपासून बंद. त्या धमकीची भीती दवाखान्याच्या दारात आपल्यालाच निस्तरावी लागते.

पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते लिहून झाले की पंधरा मिनिटं काढा. तीन जणी पुढे या. एक आई, एक पाच वर्षांचं मूल, आणि तिसरी बघणारी. सुईच्या जागी पेनचं टोपण चालेल. आईनं मुलाला सुईबद्दल सांगायचं. तिसरीनं मध्ये बोलायचं नाही, अगदी राहवलं नाही तरी नाही. झाल्यावर तिनं चांगलं की वाईट ते न म्हणता फक्त काय दिसलं ते सांगायचं. आई कुठे बघत होती, मूल केव्हा मागे सरकलं, कुठल्या शब्दाला थांबलं. मग जागा बदला आणि जी सगळ्यात जास्त बोलते, तिला तिसरीच्या जागी बसवा.